पोरीला पाजलेलं दूध

"बीच में कभी ठीक थी ये?" डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "नाही साहेब, कधीच नाही."

ते खोटं होतं. माझी अडीच वर्षांची मुलगी तेव्हा तपासणीच्या टेबलावर आडवी होती. पोट फुगून टणक झालेलं, डोळे रडून सुजलेले. तिची आई माझ्या शेजारी उभी होती. मी खोटं बोललो हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली वाकून पोरीच्या फ्रॉकची बटणं लावायला लागली. मी खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांना त्याच दिवशी वाट सापडली असती. मी सांगितलं नाही, आणि पोरीने आणखी बरेच दिवस सोसलं.

खोटं का बोललो हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतला, लिंबायतमध्ये राहत होतो. एक खोली, पुढे अरुंद ओटा. मी पॉवरलूमवर होतो, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशातलीच, त्यामुळे घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी आणि दुकानात गुजराती अशी आमची रोजची बोली होती.

गावाला आमच्या घरी दोन म्हशी होत्या, तरी आम्ही भावंडं कोऱ्या चहावर वाढलो. दूध डेअरीचं असायचं. धार काढली की किटली सायकलच्या हँडलला लागायची आणि वडील निघायचे. लहानपणी एकदा मी किटलीचं झाकण चाटलं, तेव्हा त्यांनी मला थोबाडीत दिली होती. वडील वाईट नव्हते. पण ते झाकण माझ्या मनातून गेलं नाही. माझं मूल पोटभर दूध पिईल, हे मी लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं.

त्यामुळे मुलगी झाल्यावर दूध आणणं हे काम मी कुणाला दिलं नाही. थैलीचं दूध मला पाणी वाटायचं. मी तबेल्यावर जाऊन उभा राहायचो, समोर धार काढून घ्यायचो आणि फेसासकट घरी आणायचो. कपाला बोटभर साय धरली की मला बरं वाटायचं. कारखान्यातली माणसं पोरांना चहात बुडवलेली खारी देत होती. मी म्हशीचं दूध देत होतो.

पोरीचं अंगावरचं दूध सुटलं आणि वरचं सुरू झालं, तेव्हापासून तिचं पोट साफ होईना. दिवसच्या दिवस जायचे. शी लागली की ती ज्वारीच्या कोठीमागे जाऊन उभी राहायची, चवड्यांवर, पाय एकमेकांवर घट्ट आवळून, तोंड लालबुंद. आम्हाला वाटायचं ती जोर करते आहे. खरं तर दुखतं म्हणून ती आतल्या आत रोखून धरत होती, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी व्हायची तेव्हा तिचं ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं.

सगळ्या गल्लीला आमच्या पोरीची 'कबजियात' माहीत झाली होती, आणि प्रत्येकाकडे उपाय होता. कुणी म्हणे एरंडेल द्या, कुणी म्हणे मनुका उकळून द्या, कुणी म्हणे रात्री तूप द्या. एरंडेल दुधातून दिलं, मनुका दुधात उकळल्या, तूप गरम दुधात सोडलं. काहीच लागू पडलं नाही की शेजारच्या मावशी शीच्या जागी सरकवायला साबणाची बारीक कांडी करून आणायच्या आणि पोर त्यांना बघूनच थरथर कापायची.

बायकोच्या ते आधी लक्षात आलं. तिच्या मामेबहिणीच्या लग्नाला ती पोरीला घेऊन मामाच्या गावी जाऊन आली होती. तिकडे आठवडाभर दुधाचं नाव नव्हतं, भाकरी आणि वरण. परत आल्यावर ती मला म्हणाली, "गावले ती रोज बसे. रडनीबी नही. तिले दूध मानवस नही असं वाटस माले. थोडा दिन बंद करी देखूत."

मी हसलो. "म्हशीनं दूध कोणले बाधस का? तुना माहेरले कधी दूध देखं व्हतं का, तुले काय समजस?"

मी दुसऱ्या दिवसापासून कप भरून ठेवायला आणि संध्याकाळी "पाजलं ना?" असं विचारायला लागलो. ती "हो" म्हणायची.

मग पोर सुधारली. दोन-तीन आठवड्यांत कोठीमागे जाणं बंद झालं. रात्रीचं कण्हणं गेलं. अंगावर कोरडे, खाजरे चट्टे असायचे, तेही मावळले. मला आभाळ ठेंगणं झालं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी सांगत सुटलो, की दूध नेमाने पाजलं, दुसरं काही नाही. शेजारच्या लूमवरचा माणूस डबा बंद करत म्हणाला, "मग एक लोटा आम्हालाही आण रे. आमचंही तेच दुखणं आहे." सगळे हसले, मीही हसलो.

एका दुपारी वीज गेली ती आलीच नाही. मुकादमाने घरी जायला सांगितलं. गल्लीत वळलो तर आमच्या ओट्यापाशी मेहुण्याची सायकल. बायकोचा धाकटा भाऊ गोडादऱ्याला राहायचा, तोही लूमवरच, त्याला लहान लहान दोन मुलं. तो दारात बसला होता आणि बायको आमच्या पातेल्यातलं दूध त्याच्या बरणीत ओतत होती.

मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं, पण सगळं लिहवत नाही. एवढंच लिहितो, की माझ्या पोरीच्या तोंडचं काढून भावाचं घर भरतेस, चोर आहेस, असं मी तिला म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मावशी दारात आल्या, समोरचे दोघे-तिघे आले.

मेहुणा उठला. बरणी त्याने उंबऱ्यावर ठेवली. "दाजी, मी मांगाले नही येल. ताईनी बोलायं म्हनीसन उनू," बहिणीने बोलावलं होतं एवढं सांगून तो सायकल घेऊन गेला.

बायको रडली नाही. म्हणाली, "मंग फेकी देऊ का दूध? तिले दिधं नही म्हनीसन ती बरी शे. देखा ना तिले."

पोर ओट्याच्या कडेला बसून बॉबिनचे रिकामे पुठ्ठे एकावर एक रचत होती. गाल भरलेले, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मला कळलं. हे मला पुढे कधीतरी कळलं असं आजवर मी लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. मला तिथेच, ओट्यावरच कळलं होतं. पण मावशी ऐकत होत्या, समोरचे ऐकत होते, आणि मी नुकतंच बायकोला चोर म्हटलं होतं. पोर दुधाशिवाय बरी झाली हे मान्य केलं असतं तर मी कोण ठरलो असतो?

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःच्या हाताने पाजायला लागलो. पोर तोंड फिरवायची. मी तिला मांडीत धरून नाक दाबायचो. श्वासासाठी तोंड उघडलं की कप लावायचो. बायको चुलीकडे तोंड करून बसायची. अडवायची नाही. घरात आम्ही फक्त कामापुरतं बोलत होतो.

आठवड्याभरात पोर पुन्हा कोठीमागे उभी राहू लागली. चट्टे परत आले. एक दिवस चड्डीला रक्त लागलेलं दिसलं. बायकोने ती चड्डी धुतली नाही, माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली. मी म्हणालो, उष्णता असेल. मग एका सकाळी पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या, पोटाला हात लावू देईना, आणि आम्ही रिक्षात घालून तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथेच तो प्रश्न आला आणि ते उत्तर.

डॉक्टरांनी एनिमा दिला. पोरीला धरायला मला सांगितलं. तिने माझं मनगट इतकं घट्ट पकडलं होतं, की नखांचे वण उठले. शीच्या जागी चीर पडली आहे, म्हणून ती रोखते, आणि रोखते म्हणून आणखी कडक होते, असं त्यांनी समजावलं. पातळ औषध दिलं, मलम दिलं, भाजी-फळं वाढवा, दूध जरा कमी करा म्हणाले. मी मान डोलावली. परतताना रिक्षात पोर आईच्या खांद्यावर झोपली होती. बायकोने रस्त्याकडे बघत विचारलं, "डॉक्टरले खोटं काब्र सांगं?"

"गप बैस," मी म्हणालो.

मी दोन कपांचा एक कप केला. जरा कमी करा म्हणाले होते ना. औषधाने थोडा आराम पडायचा, पुन्हा तेच. आता तर ती शी लागण्याआधीच रडायची.

त्यानंतरची एक सकाळ. रातपाळी करून दूध घेऊन आलो, गरम केलं, कप घेऊन तिच्यासमोर बसलो. ती भिंतीला टेकून बसली होती. कप पाहिला आणि तिने स्वतःचा हात वर नेला. दोन इवल्या बोटांनी स्वतःचं नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

तिला वाटत होतं, दूध असंच प्यायचं असतं.

मी कप खाली ठेवला. थोडं दूध फरशीवर सांडलं. बायको कोपऱ्यातून बघत होती. मी म्हणालो, "चाल, डॉक्टरकडे जाऊत." तिने पोरीला उचललं.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. गावातला आठवडा, दूध बंद असतानाचे दिवस, चट्टे गेल्याचं, पुन्हा पाजल्याचं. नाक दाबल्याचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ये उस दिन बोलना था ना, भाई." मग बायकोकडे वळून त्यांनी तिला बारीकसारीक विचारलं. ती सांगत गेली आणि ते ऐकत गेले. लहान मुलांची बहुतेक बद्धकोष्ठता दुधामुळे होत नाही, असं त्यांनी बजावलं. पण काहींना गाई-म्हशीचं दूध सोसत नाही आणि त्यातल्या काहींचं पोट असं धरतं. महिनाभर दूध, दही, चहा, दुधाची बिस्किटं, सगळं पूर्ण बंद. शेळीचं देऊ का, असं मी विचारलं, तर तेही नको म्हणाले. हाडांसाठी नाचणी, तीळ, शिवाय एक औषध. मग त्यांच्या देखरेखीखाली थोडं देऊन पाहू, कारण मनाने कायमचं बंद करणंही चूकच.

महिन्यात पोर बरी झाली. नंतर त्यांच्या सांगण्यावरून दूध देऊन पाहिलं तर चार दिवसांत ती पुन्हा चवड्यांवर. शंका उरली नाही. ती मोठी होईपर्यंत आमच्या घरात तिच्यासाठी नाचणीची पेज शिजत राहिली.

डॉक्टरांसमोर खरं बोललो, म्हणजे झालं, असं मी धरून चाललो होतो. बायकोने विषय काढला नाही. पण मेहुणा आमच्याकडे येईनासा झाला आणि तीही गोडादऱ्याला जाईना. चालत गेलं तरी पोचता येईल एवढ्या अंतरावर तिचं सुरतेतलं माहेर होतं. दिवाळीत भाऊबीजेला ती नवी साडी नेसली, ताट तयार केलं, आणि मग ते झाकून स्वयंपाकाला लागली. मी विचारलं, "जात नही का?"

"कशी जाऊ?" ती म्हणाली. "तेना समोर चोर ठरेल शे मी."

मी पोरीला कडेवर घेतलं आणि तिला चल म्हणालो. आम्ही चालत गोडादऱ्याला पोचलो. मेहुण्याने दार उघडलं, "या दाजी" म्हणाला आणि बाजूला झाला. त्याची बायको पाणी घेऊन आली, दोन्ही मुलं आत्याला बिलगली. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहापाणी झालं असतं, दिवाळीच्या गप्पा झाल्या असत्या आणि मी तसाच परत आलो असतो.

मेहुण्याला मी म्हणालो, "तुनी बहिणले मी तुनासमोर चोर म्हनं. ती चोर नव्हती. ती पोरले जपत व्हती."

मग मी बायकोकडे वळलो. तिचा हात भाच्याच्या डोक्यावर होता, तो तिथेच थांबला.

"तुनं खरं व्हतं," मी म्हणालो. "माले त्याच दिवशी समजनं व्हतं, तरी मी पोरले पाजत ऱ्हायनू. डॉक्टरलेबी खोटं सांगं. मी चुकनू. माले माफ कर."