आबांच्या गाडीचं वजन

आमच्या लातूरकडं गाडी विकत घेतली म्हणजे ती पुरी झाली असं कुणी मानत नाही. कंपनीनं दिली ती निम्मी, उरलेली निम्मी वेल्डिंगवाला करतो. पुढं लेगगार्ड पाहिजे, तोही असा की म्हैस धडकली तर म्हशीनंच विचार करावा. मागं कॅरिअर पाहिजे आणि त्यावर ज्वारीचं पोतं बसलं पाहिजे. बायको बसणार म्हणून साडीगार्ड, पोरगं बसणार म्हणून टाकीवर लोखंडी बैठक. माझ्या वडिलांच्या, आम्ही त्यांना आबा म्हणतो, साडेतीनशे सीसीच्या जुन्या काळ्या गाडीला हे सगळं होतं. वर दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या होत्या, कारण आबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते आणि टेप, नकाशे, दुपारची भाकरी असा सगळा संसार त्या पेट्यांतून कालव्याकाठी फिरायचा. गाडी मुळातच दणकट, त्यात घरातल्या प्रत्येक माणसाच्या निमित्तानं तिच्यावर लोखंड चढत गेलेलं. ती स्टँडवर घेताना गल्लीतली जवान पोरं लालबुंद व्हायची. आबा सत्तरी ओलांडल्यावरसुद्धा एका झटक्यात घ्यायचे. मला त्या झटक्याचा लई अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

मग एका दिवाळीच्या तोंडावर आबा न्हाणीत घसरले आणि डावा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, नवा खुबा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, पण जड ओढायचं नाही, उचलायचं नाही.

"आन मोटारसायकल?" आबांनी विचारलं.

"हलकी असेल तर पुढं बघू," डॉक्टर हसून म्हणाले. आमची गाडी त्यांनी पाहिलेली नव्हती.

आबांना गाडी रोज नको होती. त्यांना ती एका दिवसासाठी पाहिजे होती. औशाकडच्या आमच्या गावात एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघते. लेझीम, निळे झेंडे, आणि सगळ्यांच्या पुढं हँडलला झेंडा बांधलेली आबांची गाडी. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून ही रीत आहे. आबांचं म्हणणं एवढंच, की गाडी मी चालवीन, मी उभी करीन, मीच किक मारीन, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आता डाव्या पायावर गाडी तोलून किक मारणं तर बंदच झालं होतं. म्हणजे आधी स्टँडवर घ्यायची, मगच किक. आणि स्टँडवर घेणं म्हणजे ते सगळं लोखंड अंगाच्या जोरावर मागं ओढणं.

"आणि नाहीच जमलं तर?" मी विचारलं.

"न्हाई जमलं तर जायाचं न्हाई. घरी बसंन."

आणि बसले असते. आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यात आम्हीच कितीदा ठेचकाळलोय.

मी नांदेडला नोकरी करतो, शनिवारी एसटीनं लातूर गाठतो आणि आल्या आल्या सल्ले द्यायला लागतो. तो माझा स्वभाव आहे. मी म्हणालो, "स्कूटी घ्या. बॅटरीवरची घ्या, बटन दाबलं की चालू." आबांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी त्यांना पाळण्यात झोपायला सांगितलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी आल्या. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. माहेर बिलोलीकडचं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. भाऊ पोलिसात, त्यामुळं सदा कुठल्या तरी बंदोबस्तावर. घर वहिनींच्या जिवावर चालतं, आणि त्यात आबाही आले.

"भाऊजी, डॉक्टर हलकी गाडी म्हणाले. दुसरी गाडी कुठं म्हणाले?"

"अहो वहिनी, लोखंड आहे ते. एकादशी धरून त्याचं वजन उतरत नाही!"

"उतरवून राहिले मी. तुम्ही फक्त बघा."

मी मनातल्या मनात हसलो. पंक्चर काढायला कुठं जायचं हेसुद्धा त्या मला विचारायच्या.

पहिल्यांदा गाडीचं वजन करायचं ठरलं. सोयाबीनचे ट्रक जिथं मोजतात त्या मोठ्या वजनकाट्यावर आम्ही गाडी नेली. पुढं ट्रक, मागं ट्रक, मध्ये आम्ही. काटेवाल्यानं मान वर न करता सवयीनं विचारलं, "भरलेली का रिकामी?" वहिनी म्हणाल्या, "रिकामी." आकडा पाहिल्यावर तो बाबा खिडकीतून बाहेर आला आणि वाकून गाडीच्या खाली बघायला लागला. मला हसू आवरेना. वहिनींनी मात्र शांतपणे आकडा पाठ केला.

गल्लीच्या तोंडावर आमचा वेल्डिंगवाला आहे. आबांवर त्याचा भारी जीव, कारण त्याच्या बापाच्या शेताला पाणी आबांनी वेळेवर सोडलं होतं. वहिनींनी त्याला नीट समजावलं, की आबांचा खुबा बदललाय, आता गाडी त्यांना पेलली पाहिजे, जड जड काढा आणि बारकं बसवा. त्यानं मान डोलावली. आठवड्यानं गाडी परत आली, काय चमकत होती! पेट्या गेल्या होत्या, कॅरिअर गेलं होतं, टाकीवरची बैठक गेली होती. आम्ही खुशीत काट्यावर गेलो.

गाडी पहिल्यापेक्षा जड भरली.

काटेवाला म्हणाला, "ताई, ह्यावेळी भरलेली आणली का?" मी काट्यावरच पोट धरून बसलो. झालं होतं असं, की आबा पडले, खुबा मोडला, एवढंच वेल्डिंगवाल्याच्या काळजात राहिलं. मग त्यानं लेगगार्डला दुहेरी पाइप घातला, स्टँडला दोन्हीकडून जाड पट्ट्या मारल्या, मडगार्डला आतून पत्रा लावला, आणि ओढायला सोपं जावं म्हणून मागं एक कडं बसवलं, ज्याला बैल बांधता आला असता. वर एक रुपया घेतला नाही. "मालकाचा पाय नाजूक झालाय," तो म्हणाला, "गाडी तरी मजबूत पायजे का न्हाई?" आमच्याकडं माया करायची म्हणजे जाड पत्रा लावायचा.

वहिनींच्या जागी मी असतो तर तिथंच भांडलो असतो. वहिनींनी त्याला चहा पाजला, कामाची तोंड भरून तारीफ केली आणि म्हणाल्या (आबांना त्या मामा म्हणतात), "दादा, तुमची माया मामांना आता उचलत न्हाई. काढून टाका." बिचारा कसनुसा झाला, पण त्यानं स्वतःच्या हातानं एकेक पट्टी कापली.

तिथून पुढं वहिनींनी जे केलं त्याला मी आजही हात जोडतो. त्यांनी बाजारातून एक ताणकाटा आणला, तो अंगणातल्या खुंटीला टांगला आणि सुटणारा प्रत्येक भाग त्याला अडकवून बघायला लागल्या. मडगार्ड इतकं, सीटच्या खालचा पत्रा इतका, सायलेन्सर इतका. मग मला फोन. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या बाजूला जुन्या गाड्यांचं काम करणारे एक सरदारजी आहेत, त्यांच्याकडं मी ऑफिस सुटल्यावर जायचो. तिथं फायबरचं मडगार्ड मिळालं, ॲल्युमिनियमच्या रिमा मिळाल्या, बारीक पत्र्याचा सायलेन्सर मिळाला. पण वहिनींचा हुकूम असा, की घ्यायच्या आधी तोलायचं. भर गॅरेजमध्ये मी एका हातात ताणकाटा आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभा.

"किती भरलं, भाऊजी?"

मी सांगायचो.

"अय्यो! नको. ह्याच्यापेक्षा हलकं दाखवा म्हणा."

सरदारजी मिश्यांतून हसायचे. "बहनजी फौज में थीं क्या?" मी म्हणायचो, "नहीं, तिसरीच्या वर्गाला शिकवतात." ते म्हणायचे, "फिर तो ठीक है." नव्या तऱ्हेची लिथियमची बॅटरी हातात आली तेव्हा मी खोकं उघडून बघितलं, आत काही आहे का नाही म्हणून. जुनी बॅटरी उचलताना माझी कंबर धरायची. ही एका हातात पेलत मी एसटीत बसलो तर कंडक्टरला वाटलं मिठाईचा पुडा आहे.

सगळं काही इतकं गोडीत झालं नाही. साडीगार्डवर आबा अडले. "ती तुझ्या सासूची हाय," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. आई जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी ती जाळी काढली, घासली, तिला रंग दिला आणि परसात दोडक्याच्या वेलासाठी उभी केली. आबा सकाळ-संध्याकाळ वेलाला पाणी घालायला लागले आणि तो विषय मिटला. टाकीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. सोनेरी रेघेची ती टाकी त्यांच्या लग्नाच्या आधीची. वहिनी म्हणाल्या, "असू द्या. पेट्रोल निम्मंच भरू."

शेवटी परत काट्यावर गेलो. काटेवाल्यानं आकडा बघून डोळे चोळले. एखादं पोतं उतरवावं इतकं वजन गाडीनं टाकलं होतं. मला वाटलं, जिंकलो.

पण गाडी हलकी झाली होती, आबा नवे झाले नव्हते. अंगणात सराव सुरू झाला. आबा उजव्या पायानं स्टँड दाबायचे, दोन्ही हातांनी ओढायचे, गाडी निम्मी वर यायची आणि परत धप्पकन खाली. कपाळावर घाम, ओठ घट्ट. शेजारी धावून यायचे, आबा त्यांना हातानंच मागं सारायचे. वहिनी पायरीवर बसून बघत राहायच्या. एक दिवस त्या उठल्या आणि वेल्डिंगवाल्याला घेऊन आल्या. "दादा, स्टँडची पायाखालची दांडी वीतभर लांब करा. एवढंच वेल्डिंग. एक पट्टी जास्त मारली तर बघा." त्यानं देवाची मूर्ती घडवावी तशी ती दांडी केली. लांब दांडीनं जोर कमी लागायला लागला आणि गाडी वर गेली! वेल्डिंगवाल्यानं डोळे पुसले. पण दुसऱ्या दिवशी परत नाही गेली. मग गेली. मग दोनदा नाही. जयंतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हे असंच चाललं, कधी जमायचं, कधी नाही. मी वहिनींना बाजूला घेऊन म्हणालो, "गावी आपल्या वस्तीतच सुरू करून देऊ. मध्ये थांबायचंच नाही. उगाच भरल्या चौकात शोभा नको." त्या निळ्या झेंड्याला इस्त्री करायला आत गेल्या.

सकाळी टेंपोत घालून गाडी गावाला नेली. ऊन आत्ताच चटके देत होतं. वस्तीत आबांनी गाडी पहिल्या झटक्यात स्टँडवर घेतली, किक मारली, आणि पोरांनी असा गलका केला की माझ्या अंगावर काटा आला. पांढरा शर्ट, हँडलला निळा झेंडा, मागं लेझीम. आबा ताठ बसले होते. इतका देखणा माणूस मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही.

गावातल्या चौकात, पाराच्या समोर, आबांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

दरवर्षी ते इथं थांबतात हे मला माहीत होतं. इंजिन गार करायला थांबतात, असं मी लहानपणापासून समजत होतो. पण यंदा कशाला! मी धावत गेलो. आबा म्हणाले, "बाजूला हो," आणि हळूहळू खाली उतरले. लेझीम थांबली. पोरं पुढं आली, आमच्या वस्तीतली आली, पाराकडचीही दोन आली, चांगल्याच मनानं आली. तेवढ्यात वहिनींनी दोन्ही हात आडवे पसरले आणि शाळेच्या मैदानावरच्या आवाजात ओरडल्या, "कुणी हात लावायचा न्हाई! मागं व्हा!"

अख्खा चौक मागं सरला.

"वहिनी, पडतील ते," मी म्हणालो.

"भाऊजी, तुम्हाला मामांनी कधी सांगितलं न्हाई?" त्यांची नजर आबांवरून हलत नव्हती. "पहिल्या वर्षी मामा एकटेच मिरवणुकीला येत होते, तेव्हा गाडी इथंच बंद पडली होती. पारावरचे लोक हसले. म्हणाले, गाडी बी जात वळखती. मामा एकटे ढकलत वस्तीपर्यंत गेले, एका माणसानं हात लावला न्हाई. तेव्हापासून दरसाल इथं आणून स्वतः बंद करतात आणि स्वतः चालू करतात. दवाखान्यात सांगितलं मला. हसणाऱ्यांतले ते टोपीवाले एकटेच उरलेत आता. ते बघा, पारावर."

मीही मागं सरलो.

आबांनी दांडीवर पाय ठेवला आणि ओढलं. गाडी निम्मी वर आली आणि परत खाली बसली. पारावरचे टोपीवाले म्हातारे काठीच्या आधारानं उठले, धोतर सावरत एक पाऊल पुढं आले आणि हात पुढं केला. आबांनी तिकडं बघितलं नाही. त्यांनी तळहात पँटला पुसले, पाय परत ठेवला आणि सगळं अंग मागं टाकलं.

गाडी स्टँडवर चढली. आबांनी किक मारली. इंजिन पहिल्या किकेला लागलं.

लेझीम सुरू झाली, वहिनी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आबांनी गाडी पुढं घेतली, पाराजवळ जरा हळू केली, आणि अजून उभ्याच असलेल्या त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "बसा पाटील. बंद पडली नव्हती. म्या केली होती."