साडूंचं पायदान

एकही निर्णय स्वतः न घेता माणूस बासष्ट वर्षं सुखानं जगू शकतो, हे सिद्ध करून दाखवणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. मुरुडला त्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. गिऱ्हाइकाला कोणती मोटार घ्यावी हे ते एका मिनिटात सांगतात, पण स्वतःसाठी चप्पल घ्यायची म्हटली की नवी चप्पल घालून आधी दुकानात फेऱ्या मारतात, मग दुकानदाराकडे आपली जुनी चप्पल तारण ठेवून देवळापर्यंत जाऊन येतात, आणि परत येऊन म्हणतात, "डावी बरी हाय. उजवीचं काय खरं न्हाई." मुलगी झाली तेव्हा नाव ठरेना म्हणून बारसं दोनदा पुढं ढकललं. तिसऱ्या वेळी पाळण्याशी जमलेल्या बायकांनीच कंटाळून एक नाव ठेवून टाकलं. लग्नाचंही तेच. मुलगी पाहायला गेले, पोहे खाल्ले, आणि "आठ दिवसांनी कळवतो" म्हणाले. आतून मुलीचा आवाज आला, "त्यास्नी म्हणावं, कळवायचं आसंल तर आत्ताच कळवा. चहा गार होऊन राहिला." साडूंनी चहा घेतला आणि लग्न ठरलं. ती मुलगी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची अक्का. त्यानंतर त्या घरातलं सगळं अक्कानंच ठरवलं. साडू फक्त मापं घ्यायचे.

मापं घेणं हा त्यांचा खरा धंदा. शर्टाच्या खिशात पेन नसेल एक वेळ, पण टेप असायचाच. आमच्या नांदेडच्या घरी आले की जेवायला बसण्याआधी ते स्वयंपाकघराचा ओटा मोजायचे, आणि दर वर्षी तो तेवढाच भरला की त्यांना समाधान वाटायचं. अक्का म्हणायची, "मोजू द्या. तेवढाच जिवाला इसावा."

अक्काच्या किडन्या गेल्या तेव्हा मात्र मोजण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं. मंगळवार आणि शनिवार, मुरुडहून लातूर. दुकानाच्या कामासाठी साडूंनी नुकताच डबल केबिनचा पिकअप घेतला होता. तो भलताच उंच. जाताना अक्का कशीबशी चढायची, पण चार तास मशीनला लागून बाहेर आली की तिच्या पायांत काही म्हणता काही राहायचं नाही. साडूंनी प्लास्टिकचं स्टूल आणलं. दवाखान्याच्या दारात ते डांबरावर सरकलं, अक्का गुडघ्यावर पडली, आणि वॉर्डबॉय धावत येऊन तिला बगलेत धरून उचलायला लागला. अक्का सणसणीत उंच बाई. तरुणपणी ट्रॅक्टरच्या चाकावर पाय देऊन चालत्या ट्रॉलीत चढलेली. ती म्हणाली, "हात लावू नगा. मी काय तुरीचं पोतं हाय?" आणि दाराला धरून, दातओठ खात, स्वतः चढली.

माझ्या बायकोनं फोनवर सुचवलं की भाड्यानं साधी गाडी करा. अक्कानं साफ नाही म्हटलं. "खालच्या गाडीत बसलं की निस्ता डिव्हायडर दिसतो. ह्याच्यातून रान दिसतंय. येताना मला तेवढंच पाहिजे." मग साडूंना कुणीतरी सांगितलं की दार उघडलं की आपोआप खाली येणारं आणि दार लावलं की गाडीच्या पोटाखाली जाऊन बसणारं विजेवरचं पायदान मिळतं. साडूंचा पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. मग बसला, आणि आम्ही सगळे धास्तावलो, कारण आता ते पायदान निवडणार होते.

पहिलं काम त्यांनी अंगणात केलं. विटा एकावर एक रचल्या, बाजूला धरायला खांब होताच, आणि अक्काला एकेक वीट वाढवत चढायला लावलं. चार विटांपर्यंत ती चढली. पाचवीला थांबली. साडूंनी वहीत लिहिलं, "चार." साधं, पक्कं बसवलेलं पायदान त्यांनी त्याच दिवशी बाद केलं. वर बसवलं तर अक्काचा पाय पोचत नव्हता, खाली बसवलं तर प्रत्येक गतिरोधकाला ठोकणार होतं.

मग सुरू झाल्या दुकानांच्या वाऱ्या, आणि त्यात मी ओढला गेलो. माझं वजन ब्याण्णव किलो आहे. लातूरच्या दुकानदारानं "दीडशे किलो आरामात पेलतं" असं सांगितल्यावर साडूंनी मला नांदेडहून बोलावून घेतलं. मी एसटीनं साडेतीन तास प्रवास करून गेलो, त्या नमुन्याच्या पायदानावर उभा राहिलो, आणि साडू खाली बसून माझ्या बुटाखालची पट्टी किती वाकते ते टेपनं बघू लागले. "साडू, जरा उडी मारा," म्हणाले. मारली. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं बघत होती. पुढच्या खेपेला त्यांनी शेतातली काळी माती पिशवीतून आणली, पाणी घालून तिचा चिखल केला, आणि दुकानदार "काका, काका" म्हणेपर्यंत तो पायदानाच्या बिजागरीत कोंबला. पायदान अर्ध्यावर जाऊन कण्हत थांबलं. साडू विजयी चेहऱ्यानं माझ्याकडे वळून म्हणाले, "बगा. कोरड्या गावचं हाय हे." तिसऱ्या दुकानात, पायदान मिटताना मध्ये काही अडकलं तर ते थांबतं की नाही, याची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी काकडीसारखं एक वाळूक मध्ये धरलं. वाळकाचे दोन तुकडे झाले. दुकानदार म्हणाला, वाळूक मऊ असतं, मशीनला कळत नाही, माणसाचा पाय कळतो. साडूंनी लगेच स्वतःची करंगळी घातली. मशीनला कळलं, पण अंमळ उशिरा. नख काळं पडलं, आणि तेही दुकान बाद झालं.

हे सगळं मी नांदेडला येऊन बायकोला रंगवून सांगायचो, ती हसायची, आणि हसता हसता विचारायची, "पण अक्का कशी हाय?" मी सांगायचो, "बरी आहे." खरं म्हणजे दर खेपेला तिचा चेहरा थोडा अधिक मातीच्या रंगाचा झालेला असायचा, आणि ती अंगणात खुर्ची टाकून आमची वाट बघत असायची. "मिळालं का?" "बघून राहिलोय," साडू म्हणायचे. असे चार महिने गेले.

एका रविवारी मी तिथंच होतो. साडूंचं एकदाचं ठरत आलं होतं. लातूरचंच एक पायदान, बरोबर चार विटांच्या उंचीवर थांबणारं. शेवटची खात्री म्हणून त्यांनी पुन्हा विटा रचल्या. अक्का उठली, खांब धरला, पाय उचलला. पाय चौथ्या विटेच्या कडेला लागला आणि खाली आला. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं साडी हातात धरून पाय ओढून घेतल्यासारखा वर नेला, आणि तिचा तोल गेला. मी धरायला पुढं झालो तशी तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी मागं सरलो.

साडू म्हणाले, "असं कसं? पावसाळ्यात तर जमलं होतं." मग ते खाली बसले, खिशातून टेप काढला, आणि विटा मोजायला लागले. एक मोजली, दुसरी मोजली. "ह्या नव्या विटा जाड आल्यात का काय," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी चारही विटा आडव्या-उभ्या मोजल्या. मला हसूही येईना आणि तिथं उभंही राहवेना.

अक्का खुर्चीत बसली होती. धाप थांबल्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "इटा त्याच हायत. पाय बदलले. तुमी निवडत बसला की तुमाला वाटतंय, लई येळ हाय. मला न्हाई ओ तेवढा येळ." टेपची पट्टी सर्रकन आत गेली.

मी त्या रात्रीच घरी परतलो, तर दुसऱ्या दिवशी ते लातूरचं ते पायदान विकत घेऊन, गाडीसकट नांदेडला माझ्या दारात हजर. तिथल्या एका फिटरनं पायदान जिथं गाडीला अडकतं तिथं लोखंडी तुकडे जोडून ते आणखी एक वीट खाली घेऊन दिलं. फिटर म्हणाला, "मामू, मिटलं तरी जरा लटकंल. गतिरोधकाला घासंल बगा." साडू म्हणाले, "घासू द्या." एवढं मोठं वाक्य त्यांनी विचार न करता बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मंगळवारी अक्कानं दार उघडलं. घुर्र आवाज करत पायदान बाहेर आलं आणि तिच्या पायाशी येऊन थांबलं. ती म्हणाली, "अगं बाई! नव्या सुनंवानी वाकतंय की." एक पाय ठेवला, मग दुसरा आणला, क्षणभर वर उभी राहून श्वास घेतला, आणि आत जाऊन बसली. साडू दोन्ही हात पुढं करून तिला न शिवता उभे होते. ती बसल्यावर ते मागच्या चाकातली हवा बघायला गेले, आणि बराच वेळ चाकच बघत राहिले. आतून अक्काचा आवाज आला, "आवं, चला. नंबर जाईल."

त्या पायदानानं साडेपाच महिने काम केलं. साडू बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवायचे, मागचे लोक हॉर्न मारून थकायचे, आणि तरी मुरुडच्या प्रत्येक गतिरोधकावर लोखंड घासल्याचा आवाज व्हायचा. अक्का म्हणे त्या आवाजावरून गाडी कुठं आली ते डोळे मिटून सांगायची. मग एका शनिवारी तिनं एक पाय पायदानावर ठेवला आणि ती तशीच उभी राहिली. दुसरा पाय जमीन सोडेना. साडू हात पुढं करून, न शिवता, नेहमीसारखे उभे. शेजारपाजारचे बघत होते. अक्का म्हणाली, "उचला आज."

हे मला साडूंनी फोनवर सांगितलं. बाकी काही नाही, तेवढंच, आणि मग म्हणाले, "साडू, लई हलकी झाली हो ती. मला ठावंच नव्हतं." त्यानंतर तिसऱ्या दिवशी अक्का दवाखान्यातच वारली.

त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे तिला त्यांच्याच शेतात, बांधाशेजारी पुरलं. महिनाभरानं साडूंचा फोन आला, समाधीवर दगड बसवायचाय, लातूरला बघायला येता का. मी त्यांना ओळखून होतो. दोन दिवसांचे कपडे, औषधाच्या गोळ्या आणि वाचायला पुस्तक असं सगळं पिशवीत भरून पहाटेच्या गाडीनं निघालो. दुकानाच्या आवारात दगडच दगड होते. काळे, करडे, लाल, घासलेले, न घासलेले. आत आणखी दोन शेड भरलेल्या. फाटकातून शिरल्यावर साडू चार पावलं चालले, समोरच भिंतीला टेकवून ठेवलेल्या काळ्या दगडावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "हाच."

दुकानदार म्हणाला, "मामा, आत लई माल हाय. बघा की निवांत फिरून. घाई कामून?"

"न्हाई. हाच द्या."

"माप तरी सांगा."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या खिशात टेप नव्हता. मी दुकानदाराकडून टेप मागून घेतला आणि ते काम केलं. नाव कागदावर लिहून दिलं. दोघं बाहेर येऊन रस्त्याकडेला उभे राहिलो. साडेदहासुद्धा वाजले नव्हते. पुढं अख्खा दिवस पडला होता, आणि त्याचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही सुचेना.