पेशींचा उपास कोणी मोडला?

अमरावतीत कसलं संशोधन होणार, असं तुम्ही विचारता आणि उत्तर ऐकायलाही थांबत नाही! थांबला असतात तर कळलं असतं, आमच्या लॅबमध्ये निष्कर्ष सावकाश येतात, किस्से मात्र रोज साचतात.

आधी काम सांगते. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना वाढायला भरपूर लोह लागतं. गॅलियम हा धातू त्यांना लोहासारखाच वाटतो. त्या तो आत घेतात, पण लोहाचं काम त्याला जमत नाही आणि वाढ खुंटते. हे मी आमचे लॅब अटेंडंट वानखडे काका यांना अर्धा तास तळमळून समजावलं.

काका टेबल पुसत म्हणाले, "एवढंच नं? पाकीट कंपनीचं अन् आतमधी बोगस बियाणं!"

पुढच्या सेमिनारमध्ये माझ्या गाइड मॅडमनी हेच वाक्य वापरलं.

*

पेशी बाटलीत वाढतात. त्यांचं अन्न दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, मग घरी लग्न असो की काही असो. बाळापूरला मावसबहिणीच्या अक्षता पडल्या आणि मी बॅग उचलली. मावशी आडवी आली.

"कावून चालली वं?"

"पेशींना खायला घालायचंय."

"इथं अख्खा मांडव जेवाचा हाय, अन् तुले बाटलीतल्यायची पडली!"

रागातच तिने डबाभर बुंदी दिली. "घे, त्यायलेही दे जराशी!"

*

बाबा अकोल्यात फुलं विकतात. एकदा लॅब बघायला आले. मी मायक्रोस्कोपखाली दोन्ही पेशी दाखवल्या, गॅलियम दिलेल्या आणि न दिलेल्या.

"ह्या पाह्य, कशा टवटवीत हायेत!"

"बाबा, त्याच वाईट!"

बाबांनी पुन्हा एकदा डोळा लावून पाहिलं. मग म्हणाले, "जनमभराची सवय मोडा लागन मले."

*

दोनदा प्रयोग जमला. तिसऱ्यांदा मात्र गॅलियम देऊनही पेशी खुशाल वाढल्या! पीएचडीच्या समितीसमोर सादरीकरण आठवड्यावर आलेलं. तिन्ही निकाल जुळले नाहीत तर विषयच बदलावा लागणार, म्हणजे माझी दोन वर्षं गेली.

मॅडमनी आणि मी गॅलियम तपासलं, इन्क्युबेटरचं तापमान तपासलं, एकमेकींवर चिडलो. मी तर रडलेही. पेशींच्या अन्नात घालायचं सीरम तेवढं कोणी तपासलं नाही. ते यावेळी नव्या प्रकारचं होतं, 'जास्त पौष्टिक' म्हणून मीच हौसेने मागवलेलं!

काका रिकाम्या बाटल्या गोळा करत होते. सीरमची बाटली हातात घेऊन खिडकीपाशी थांबले. लेबलवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, "आय... आर... ओ... एन."

मॅडमनी मान वर केली.

"माह्या सुनेच्या गोळ्यायवर हेच लिवलं असते," काका म्हणाले. "सातवा महिना हाय तिले. डॉक्टरीणबाई म्हने, यानं रक्त मस्त वाढते!"