जोनच्या मळीतली पायवाट

सांगलीच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती आणि आई खिडकीखाली उभी राहून मला सूचना देत होती. लेक पहिल्यांदाच विमानात बसणार, तरी सूचनांत विमानाचा विषय नव्हता. "बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नकोस. न विचारता कुणाच्या रानात पाय ठेवू नकोस. आणि कुठं गेलीस तर मोकळ्या हातानं जाऊ नकोस." कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा तिनं खिडकीतून एक स्टीलचा डबा माझ्या मांडीवर सरकवला. आत शेंगदाण्याचे लाडू होते आणि झाकणावर तिचं नाव कोरलेलं होतं, वत्सला. गाडी वळली तेव्हा ती पदरानं डोळे पुसत नव्हती, ड्रायव्हरला हळू चालव म्हणून हातानं खुणावत होती. आमची आई अशीच आहे.

दोन हजार सालानंतर आमच्याकडून जे इकडे आले ते बहुतेक लंडनला नाहीतर बर्मिंगहॅमला उतरले. आम्ही उतरलो बर्मिंगहॅमहून तासाभरावरच्या एका छोट्या गावात, सेव्हर्न नदीच्या काठी. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथून जवळच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली होती. गावात एक हाय स्ट्रीट, एक चर्च, एक जीपी सर्जरी, म्हणजे डॉक्टरचा दवाखाना, दोन पब, आणि मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो ड्यूटीवर गेला की मी आणि भिंती. कढीपत्ता आणायला शनिवारी ट्रेननं बर्मिंगहॅमला जायचं, एवढंच काय ते माणसांत जाणं. मग मी चालायला लागले, कारण चालायला कुणाची ओळख लागत नाही.

हाय स्ट्रीटच्या टोकाला हिरवी पाटी होती, 'पब्लिक फुटपाथ'. तिचा बाण सरळ एका शेताकडे दाखवत होता. कुंपणाशी चढून उतरायच्या दोन लाकडी पायऱ्या होत्या, ज्यांना इकडे स्टाइल म्हणतात, आणि पलीकडे गवताचं सपाट रान थेट नदीपर्यंत. माझं गाव कृष्णाकाठचं. पुरात बुडणाऱ्या नदीकाठच्या काळ्या रानाला आमच्याकडे मळी म्हणतात, आणि समोर होती ती चक्क मळी होती. पण मी काही त्या पायऱ्या चढले नाही. बांधावरून कुणी चाललं म्हणून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या मी लहानपणापासून बघितल्या होत्या. दुसऱ्याच्या रानातून जायचं तर मालकाला विचारून जायचं, पाटी काही का म्हणेना. रोज त्या कुंपणाशी जायचं, नदीकडे बघायचं आणि परत फिरायचं, असं मी बरेच दिवस केलं.

शेवटी एके दिवशी आईच्या डब्यात चिवडा भरला, चांगला ड्रेस घातला आणि शेताच्या कडेला जे घर दिसत होतं त्याचं दार वाजवलं. दार उघडलं जोननं. साठीची बाई, अंगात मळका फ्लीस, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. मी पाठ करून गेलेलं वाक्य म्हटलं: आपल्या शेतातून नदीपर्यंत चालत जाण्याची मला परवानगी मिळेल का? जोन माझ्याकडे बघत राहिली, मग डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"अगं लव्ह, फुटपाथ आहे तो," ती म्हणाली. "वाट सगळ्यांची आहे. त्यात विचारायचं काय?" आणि मग डबा हातात घेत, "जन्मात कुणी विचारलं नव्हतं मला."

मिलिंद रात्री पोट धरून हसला. पाटी लावलेल्या सरकारी वाटेसाठी चिवडा घेऊन परवानगी मागायला गेलेली इंग्लंडमधली पहिली बाई म्हणून त्यानं मला दोस्तांत फेमस केलं. हसू दे. दोन दिवसांनी जोननं डबा परत आणून दिला, तेव्हा त्यात तिच्या झाडाचे प्लम होते. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्या बाईला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. मी लाडू भरून तो पुन्हा तिच्याकडे नेला, आणि तेव्हापासून आमचा डबा बांध ओलांडून ये-जा करायला लागला. झाकणावर काय लिहिलंय, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईचं नाव. तिनं ते दोनचारदा म्हणून बघितलं.

त्या वर्षी हिवाळ्यात सेव्हर्न चढली आणि सगळी मळी पाण्याखाली गेली. गावात नव्यानं राहायला आलेले लोक पुलावर उभे राहून हादरले होते. मी मात्र माहेरी गेल्यासारखी बघत उभी होते. पाणी कुठून आत शिरतं, आधी काय बुडतं, उतरताना कुठे चिखल सोडतं, हे सगळं मला न सांगता कळत होतं. पाणी ओसरल्यावर कुठली वाट आधी सुकेल हे मी जोनला सांगितलं आणि ती तशीच सुकली. या परमुलखात मला पहिल्यांदा काहीतरी येतं असं वाटलं, आणि मी ते मिलिंदला तिखटमीठ लावून सांगितलं.

पुढे सर्जरीतल्या नर्सनं बुधवारचा चालण्याचा ग्रुप काढला. कुणाची बायपास झालेली, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाचा जोडीदार नुकताच वारलेला. पुढे कोण चालणार असा प्रश्न आला तेव्हा जोननं माझ्याकडे बोट दाखवलं. मी सोप्या वाटा शोधून काढल्या. पहिली वाट गावातल्या गावात, चर्चच्या मागून, जुन्या धक्क्यावरून, बेकरीशी संपणारी. दुसरी नदीच्या मातीच्या बंधाऱ्यावरून लॉकपर्यंत. बोटी वरखाली करायचे ते दरवाजे बघत बसायला तिथे बाक आहे, आणि वाटेत सगळी वाळुंजाची झाडं. कुठे चढ नाही, कुठे टॉयलेट आहे, हे सगळं बघून ठेवलेलं. तिसरी, सगळ्यांत देखणी, जोनच्या मळीतून. पण तिच्या तोंडाशी ती स्टाइल. गुडघेवाले तिथून परत फिरायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर आई पहिल्यांदा माझ्याकडे आली. आल्या दिवशी तिनं घर बघितलं, स्वयंपाकघरातले डबे पुन्हा लावले आणि खिडकीशी जाऊन बसली. आठवड्यात तिचा चेहरा उतरला. रस्त्यावर माणूस नाही, शेजारी दिसतात ते हात हलवून आत जातात. मिलिंद ड्यूटीवर. एका दुपारी ती म्हणाली, "तिकीट अलीकडचं करून घे." मग भाजी निवडता निवडता तिनं खरं ते विचारलं. "इथं तुझं कोण आहे गं? आजारी पडलीस, तर दार कोण वाजवील? तू तरी परत ये, नाहीतर मला तिकडं झोप लागायची नाही."

मला तिला पटवायचं होतं. नुसतं मी सुखात आहे एवढं नाही, मी इथे कुणीतरी आहे हे. म्हणून बुधवारी तिला घेऊन निघाले. साडी, वर मिलिंदचं जाकीट, पायांत माझे ट्रेनर्स. ग्रुपमधल्या सगळ्यांनी तिच्याशी हात मिळवले आणि तीही हसली. मी मोठ्या तोऱ्यात तिसरी वाट धरली. स्टाइलशी आलो. आईनं एक पाय वर टाकला, गुडघा वाकेना, साडी खिळ्यात अडकली. सगळे मदतीला धावले आणि त्यानं ती आणखीच ओशाळली. खाली उतरली आणि मराठीत, पण सगळ्यांना स्वर कळेल अशी म्हणाली, "न विचारता लोकांची रानं तुडवायला शिकलीस होय इथं येऊन. मला घरी ने." मी ग्रुप दुसऱ्या बाईकडे सोपवला आणि तिला घरी आणलं.  मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

त्या बुधवारी जोन ग्रुपमध्ये नव्हती, पण आई आली आणि अर्ध्यातून परतली, हे तिच्या कानावर गेलं असणार. दुसऱ्या दिवशी दार वाजलं. मी कणीक मळत होते, म्हणून दार आईनं उघडलं. दारात जोन, हातात आमचा डबा. तिनं झाकणावर बोट ठेवलं, मग ते बोट आईकडे केलं आणि म्हणाली, "वॅटसाला?"

आई डब्याकडे बघतच राहिली. झाकण काढलं, आत प्लम होते, काठोकाठ. ती माझ्याकडे वळली. "हा डबा हिच्याकडं कसा?" मी पहिल्यापासून सांगितलं, चिवडा, परवानगी, सगळं. आई ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"विचारून गेली होतीस?"

"विचारून गेले होते."

"आणि रिकामा डबा एकदाही नाही आला?"

"एकदाही नाही."

"घरंदाज बाई आहे," आई म्हणाली आणि जोनला हाताला धरून आत घेऊन आली. चहा झाला. आईला इंग्रजी नाही, जोनला मराठी नाही, तरी दोघींनी एकमेकींना गुडघे दाखवले. जोन निघाली तेव्हा आई मला म्हणाली, "विचार जोनबाईंना, त्यांच्या रानातनं मी गेले तर चालंल का?" मी विचारलं. जोन म्हणाली, "तिला सांग, स्टाइल तशीही कुजलीय. माझ्याच गुडघ्यांना ती चढवत नाही. तिथे गेट टाकते."

आईनं परत तिकिटाचं नाव काढलं नाही. गेट यायला थोडे आठवडे गेले. तोवर ती माझ्याबरोबर पहिल्या दोन वाटा चालली. बंधाऱ्यावरून सेव्हर्नकडे बघून म्हणाली, "पाणी आपल्यापेक्षा गढूळ आहे," आणि तिला ते बरं वाटलं हे मला कळलं. लॉकजवळच्या बाकावर ग्रुपमधला एक म्हातारा दर बुधवारी तिच्याशेजारी बसायचा. बायकोविषयी इंग्रजीत बोलायचा, आई मराठीत हुंकार द्यायची. सर्जरीच्या भिंतीवर माझ्या वाटांचा कागद लावलेला तिला दाखवला. खाली माझं नाव होतं. तिनं बोटानं अक्षरं चाचपली, माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "ह्यात आडनाव माहेरचं का नाही?" तरी त्या पानाचा फोटो मिलिंदकडून काढून घेतला.

मग तो बुधवार आला. नवंकोरं लाकडी गेट, त्याला लोखंडी खिटी. सगळा ग्रुप मागे थांबला आणि मी खिटी काढायला हात पुढे केला. आईनं माझा हात बाजूला केला. खिटी स्वतः काढली, गेट ढकललं आणि रानात पाऊल टाकलं. मी चेष्टेनं म्हटलं, "आई, मालकीणबाईंना विचारलंस का?" ती मागे न बघता म्हणाली, "त्यात विचारायचं काय. वाट आपली आहे." शेवटचा माणूस आत येईपर्यंत ती गेट धरून उभी राहिली आणि मग तिनं खिटी नीट लावून घेतली, गुरं बाहेर जायला नकोत म्हणून. गवतातून नदीपर्यंत ती माझ्याही पुढे चालत होती. मी तिच्या मागून, ऊर भरून.

दिवाळीआधी ती परत गेली. जोननं डबा प्लमच्या जॅमनं भरून दिला होता. दादा फोनवर सांगत होता की आई भावकीत घरोघर भाकरीवर तो जॅम वाढतेय आणि वर सांगतेय, "आमच्या पोरीच्या गावचा आहे." मी पुढच्या वर्षी सांगलीला गेले, तेव्हा डबा जोनसाठी काकवीनं भरून परत आला.

मागे राहिलेल्यांना वाटतं, आम्ही गाव सोडलं. इकडे आलेले आपसांत म्हणतात, आपल्याला आता कुठलंच गाव उरलं नाही. मला दोन्ही पटत नाही. आता तिकडे कृष्णाकाठी पाऊस लागला की आई फोन करते. कृष्णेचं पाणी तिला अंगणातूनच दिसतं, ते माझ्याकडून कळायची तिला गरज नाही. तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला आहे.

"आपल्या मळीत पाणी चढलं का गं? जोनबाईंनी गुरं वर घेतली ना?"

मी खिडकीतून बघते आणि तिला सांगते.