शोकेसमधली गाठ

माणच्या भिमाजीअण्णांना दुखणं सोसत नाही, मिरवता मात्र झकास येतं. पोरवयात भातलावणीच्या दिवसांत नेमकं त्यांचं पोट दुखायचं. तरुणपणी काढणी आली की कंबर धरायची. पुढे शेतं गेली, तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि अण्णांना काम असं काही राहिलंच नाही. मग दुखायला निमित्तही लागेना. साधी सर्दी झाली तरी गळ्याला मफलर गुंडाळून ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानं खुणा करून सांगायचे, की आज बोलवत नाही. त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, हे सगळे खेळ लग्न होऊन आल्यापासून पाहिले होते. सुरुवातीला त्यांना काळजी वाटायची, नंतर राग यायचा. अलीकडे रागवावं एवढीही नवऱ्याची किंमत त्यांच्या लेखी उरली नव्हती.

अण्णांच्या मानेवर, बरोबर सोन्याच्या साखळीखाली, सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती. पण कुठल्याशा सत्काराच्या फोटोत ती मागून दिसली आणि अण्णांची झोप उडाली. मंजुळाबाईंना घेऊन ते संत तुकाराम नगरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी गाठ दोन बोटांत धरून हलवून पाहिली.

"चरबीची गाठ आहे, घाबरण्यासारखं काही नाही. नकोच असेल तर काढून टाकू. तेवढ्या जागेपुरती भूल द्यायची, संध्याकाळी घरी."

मंजुळाबाईंच्या डाव्या खांद्यावर तशीच गाठ होती आणि ती चांगली लिंबाएवढी. त्याच खांद्यावर त्यांनी आधी वैरणीचे भारे वाहिले, मग भाडेकरूंचे जिने धुवायला बादल्या चढवल्या. ब्लाउजची शिवण त्या गाठीवरच घासायची, त्या कुशीवर झोपता यायचं नाही. आल्यासारखं त्यांनी पदर सारून ती दाखवली.

"ही तर आधी काढायला हवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठी आहे आणि सारखी घासतेय."

"आधी माझं हुंद्या," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "मग हिचं करू. मी सोता संगं येतो की हिच्या."

मंजुळाबाईंनी ते बोलणं मनात धरून ठेवलं. अण्णांची काय लायकी आहे ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरीही हा माणूस आयुष्यात एकदा आपल्यासाठी दवाखान्याच्या बाकावर बसेल, या आशेनं त्यांना बरं वाटलं आणि तसं वाटल्याचा स्वतःचाच थोडा रागही आला.

अण्णांची शस्त्रक्रिया झाली. भुलीची सुई टोचली तेव्हाच त्यांनी अशी बोंब ठोकली की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. मंजुळाबाई अण्णांचे बूट हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. अर्ध्या तासानं अण्णा बाहेर आले ते मात्र छाती काढून. डॉक्टरीणबाईंनी काढलेली गाठ औषधाच्या पाण्यात, एका बाटलीत घालून दिली. चरबीच आहे, तरी लॅबमध्ये देऊन एकदा तपासून घ्या, असं बजावलं. अण्णांनी ती बाटली घरी आणली आणि दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये ठेवली, बैलगाडा शर्यतीच्या ढालीशेजारी.

पुतण्या प्रीतमनं चौकात फ्लेक्स लावला. 'मृत्यूशी यशस्वी झुंज! ढाण्या वाघ भिमाजीअण्णा.' लोक शहाळी, सफरचंदं घेऊन येऊ लागले. कुणाला खोली हवी होती, कुणाला मंडळासाठी वर्गणी. सगळ्यांना कळत होतं की सुपारीएवढी चरबी निघाली आहे, पण एकही मायेचा पूत तसं म्हणाला नाही. उलट बाटलीपुढं उभं राहून 'अरारारा' करायची जणू चढाओढ लागली. अण्णा तीन उशांना टेकून सांगायचे, "डॉक्टर म्हनली, अण्णा, तुमी हायसा म्हनून सोसलं. दुसरा असता तर टेबलावरच ग्येला असता." मंजुळाबाई आतून चहा पाठवत होत्या. दुखऱ्या खांद्यानं त्यांनी किती कप विसळले याची चौकशी कुणी केली नाही.

मंजुळाबाईंच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. आदल्या दिवशी त्यांनी अण्णांना आठवण केली.

"उद्या? उद्या तर नगरसेवकाचा मानूस यायचाय भेटाया," अण्णा म्हणाले. "आनि तुझी कुटं पळून चाललीया? चरबीच तर हाय. चरबीला काय व्हतंय?"

अण्णांची होती तेव्हा ती मृत्यूशी झुंज होती. मनात धरलेली ती आशा मंजुळाबाईंनी तिथल्या तिथं सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापून ठेवल्या आणि एकट्याच बसनं निघाल्या.

"सोबत कोण आहे?" दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं.

"कुनी न्हाई."

"असं नाही चालत, मावशी. घरचं माणूस लागतं."

शेजारी दापोडीच्या सोजराबाई सुनेचं ड्रेसिंग करून घ्यायला आल्या होत्या. ओळख ना देख. त्या मध्येच म्हणाल्या, "लिहा बाई, मी बहीण हाय तिची." मंजुळाबाईंची पिशवी मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या आणि सुनेचं ड्रेसिंग उरकलं तरी तिथून हलल्या नाहीत.

सुई टोचल्यावर मंजुळाबाईंना दुखलं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली, तोंडातून शब्द काढला नाही. बाहेर आल्यावर सोजराबाईंनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "लई दुखलं का गं?" तेव्हा मात्र त्यांना रडू आवरेना. हा प्रश्न त्यांना घरात कधी कुणी विचारलाच नव्हता.

त्यांनाही बाटली मिळाली होती. लॅब रस्त्यातच होती, पण मंजुळाबाई तिथं थांबल्या नाहीत.

घरी दिवाणखाना भरलेला होता. नगरसेवकाचा माणूस, प्रीतम, आणखी चार टाळकी. अण्णांनी उशीवरूनच हुकूम सोडला, "आलीस व्हय? पाव्हन्यांना च्या टाक."

मंजुळाबाईंनी शोकेसची काच सरकवली. बैलगाड्याची ढाल बाजूला सारली आणि अण्णांच्या बाटलीला लागून आपली बाटली ठेवली. सुपारीशेजारी लिंबू.

"अण्णा, दोन गाठी व्हत्या व्हय?" नगरसेवकाच्या माणसानं विचारलं.

"मोठी माजी हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "आज काढून आले. ढाण्या वाघाला सवड न्हवती, म्हनून दापोडीची एक परकी बाई बसली व्हती माज्यासाठी."

प्रीतम मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला. अण्णा पुटपुटले, "अगं, नीट सांगायचं तरी..."

"सांगितलं व्हतं. चरबीच तर हाय, म्हनला." मंजुळाबाई सगळ्यांसमोर, पाहुण्यांच्या खुर्चीत टेकल्या. "दोनी बाटल्या उद्या लॅबला न्यायच्यात. आनि मला हात उचलू नको म्हनल्यात डाक्टरीनबाई. च्या तुमी टाका."

अण्णा दोन्ही हातांनी मान धरून कण्हले. दुखतंय का, असं या वेळी कुणी विचारलं नाही.