कधीच न होणारी लढत

मुष्टियुद्धातला जुना जगज्जेता नव्याला लोळवेल का, यावर बापू आणि मी तरुणपणापासून भांडतोय. तो जुन्याचा, मी नव्याचा. काल ऑपरेशननंतर खाटेवर तो इतका मलूल दिसला, की मी उदार झालो. "जाऊ दे, तुझाच जिंकेल."

त्याचा चेहरा उतरला. "डॉक्टर काय म्हणाले रे? खरं सांग."

माझी अक्कल अशीच भलत्या वेळी उजळते. "उद्या घरी सोडतायत," मी सावरलं, "आणि तुझा म्हातारा दुसऱ्या फेरीतच आडवा होणार."

बापू मूठ वळून उठून बसला. वेगळ्या काळातले ते दोघे कधी समोरासमोर येणारच नाहीत, हे किती बरं. निकाल लागला असता, तर आम्ही इतकी वर्षं काय बोललो असतो?

"काका, सलाइनची सुई निघेल," सिस्टर म्हणाल्या.

"निघू दे. याला आधी माझ्या म्हाताऱ्याचा डावा ठोसा दाखवतो."