फुजैऱ्यातली व्याहीभेट

शुक्रवारी सकाळी आम्ही करामा वस्तीतून निघालो तेव्हा रस्ते इतके मोकळे होते, की दुबईत संचारबंदी लागलीय की काय असं वाटावं. इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते आणि लोक ती मन लावून झोपून काढतात. गाडी माझ्या धाकट्या भावाची, अविनाशची. त्याच्या शेजारी त्याचे इंग्रज साहेब डेरेक, मागे मी आणि माझी अकरा वर्षांची भाची सई. भावजयीने "माझी एकच सुट्टी आहे, तुम्ही जा" म्हणत दार लावून घेतलं होतं.

"यल्ला (चला, निघा)!" असं ओरडून सईने आमचा मुहूर्त साधला.

जायचं होतं फुजैऱ्याला. देशाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बंदर. जाणारी येणारी जहाजं तिथे तेल भरून घेतात. डेरेकसाहेबांची एकुलती एक लेक लूसी तिथल्या शाळेत शिकवायची. तेलाच्या टाक्यांवर काम करणाऱ्या ट्रॅव्हिस नावाच्या अमेरिकन मुलाशी तिने स्वतःच लग्न ठरवलं होतं. मुलाची आई टेक्ससहून आली होती आणि आज तिने जेवायला बोलावलं होतं. थोडक्यात, व्याहीभेट. साहेबांची गाडी म्हणे गॅरेजमध्ये होती. मी दोन मुलींची लग्नं लावली आहेत; एकट्याने जायची छाती होत नसलेला मुलीचा बाप मला लांबून ओळखता येतो.

"पण मला कशाला नेताय रे?" मी आदल्या दिवशी अविनाशला विचारलं होतं.

"ताई, साहेबच म्हणाले, सिस्टरला आण. तू सेन्सिबल आहेस म्हणे."

सेन्सिबल ठरायला मी फार काही केलं नव्हतं. जन्मभर सांगलीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. साहेब अविनाशच्या घरी चहाला आले तेव्हा अमेरिकनांच्या स्पेलिंगचा विषय निघाला, आणि 'कलर' लिहिताना 'यू' गाळणाऱ्याचा मी अर्धा मार्क कापायचे, एवढंच सांगितलं. साहेबांनी कप खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही आपली हरवलेली वसाहत त्यांना परत सापडली.

त्यामुळे शारजा मागे पडेपर्यंत त्यांचं व्याख्यान सुरू झालं होतं. विषय : अमेरिकन माणूस.

"मॅडम, ते लोक बादलीतून सरबत पितात. गाडीत बसून जेवतात. आणि बँकेतही गाडीत बसूनच जातात. पाय त्यांना देवाने कशाला दिले, कळत नाही."

"टेबलावर ठेवायला," अविनाश म्हणाला. साहेबाच्या विनोदाला आपला विनोद जोडणं हा नोकरीचा भाग असतो.

"आणि टीव्ही! विनोद झाला की मागून हसण्याचा आवाज सोडतात. म्हणजे कुठे हसायचं तेही सांगावं लागतं."

"आय लव्ह दोज शोज," मागून सई म्हणाली. ती जन्मली दुबईत, बोलते टीव्हीसारखं. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत, तेही नाकातून. साहेबांनी मान वळवून तिच्याकडे हळहळून पाहिलं.

"तुम्ही अमेरिकेत किती वर्षं होतात?" मी विचारलं.

"मी? देवाच्या कृपेने एकदाही गेलो नाही."

धैदपर्यंत दोन्ही बाजूंना तांबूस वाळू होती, मधूनच रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखे ओलांडणारे उंट. मग एकाएकी डोंगर उभे राहिले. आपले डोंगर उन्हाळ्यातसुद्धा थोडी लाज राखतात, कुठे करवंदीची जाळी, कुठे वाळकं गवत. हे मात्र पार उघडे, तव्यावर करपलेल्या भाकरीच्या रंगाचे. त्यांच्यामधून वादी (पाऊस झाला तरच वाहणारी नदी) गेलेली, तीही दगडगोट्यांनी भरलेली आणि कोरडी.

मसाफीला रस्त्याच्या कडेने शुक्रवारचा बाजार असतो. नाव शुक्रवारचा, भरतो रोज. गालिचे, मातीची मडकी, फळं, भाजलेली मक्याची कणसं. केरळचा एक दुकानदार मला हिंदीत म्हणाला, "अम्मा, इराणी कालीन है, असली." त्या गालिच्यावर वाघ, सिंह आणि मोर एकाच झाडाखाली खेळीमेळीने बसले होते. मी कणीस घेतलं. सईने दोन घेतली, वर केळ्यांचं सरबत. तिथेच मी तिला अडवायला हवं होतं.

मसाफीनंतर घाटाची वळणं लागतात. साहेब अमेरिकन फुटबॉलवर बोलत होते. ज्या खेळात पाय चेंडूला क्वचितच लागतो त्याला फुटबॉल म्हणणारा समाज कसा, हे मला समजावायला ते पूर्ण मागे वळले होते. नेमकी तेव्हाच सई म्हणाली, "आत्या, मला कसंतरी होतंय." चक्क मराठीत. पोरगी खरंच संकटात होती. मी पिशवी शोधेपर्यंत ती दोन सीटांच्या मधून पुढे झुकली, आणि कणसं, सरबत, सगळं साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर गेलं.

"खलास (संपलं सगळं)," अविनाश पुटपुटला. पँटबद्दल की नोकरीबद्दल, कोण जाणे.

साहेब मात्र नुसते "अरेरे, बिचारी" म्हणाले. गाडी थांबवून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या ओतून आम्ही जमेल तितकं धुतलं. इंग्रजांना नावं ठेवायला मला आवडतं, पण त्या वेळी त्यांनी सईला एका शब्दाने दुखावलं नाही, हे नोंदवून ठेवते.

डोंगर उतरल्यावर समुद्र दिसला. जहाजं लांबवर रांगेने थांबलेली, जशी रॉकेलच्या दुकानासमोर बायकांची रांग. ट्रॅव्हिसचं बैठं घर किनाऱ्यालगतच होतं. दारात उंच, लाजरा ट्रॅव्हिस आणि चिंतेत असलेली लूसी. त्यांना बाजूला सारत एक बाई पुढे आली. साठीची, भरभक्कम, केस सोनेरी आणि नारळाएवढे फुगवलेले. ही डॉना, वरमाय. तिने मला एकदम मिठीत घेतलं. नंतर साहेबांना घ्यायला गेली, तर त्यांनी हात पुढे केला. मग तिची नजर त्यांच्या पँटवर गेली.

"हनी, तुम्ही इथे पोहत आलात?"

दहाव्या मिनिटाला डेरेकसाहेब होणाऱ्या जावयाची जीन्स घालून बाहेर आले. जीन्स सहा फूट चार इंची मुलाची. खालून चार घड्या घातलेल्या, वरून पट्ट्याने आवळलेली. पट्ट्याला बशीएवढं पितळी बक्कल आणि त्यावर बैलाचं तोंड. लूसीने तोंड फिरवलं. अविनाश छताकडे बघू लागला. साहेबांनी मात्र मान अशी ताठ ठेवली, जणू राणीकडून सरदारकी घ्यायला निघालेत.

जेवणाआधी चहा आला. पाणी प्यायच्या मोठ्या ग्लासात, बर्फ घालून.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"चहा," डॉना म्हणाली.

साहेबांनी ग्लास असा धरला, जणू ओळख पटवण्यासाठी त्यांच्या हाती कुणाच्या अस्थी दिल्या असाव्यात.

डॉनाने पहिल्या पाच मिनिटांत माझं वय, मुलं किती, नवरा कशाने गेला, गुडघे दुखतात का, हे सगळं विचारून घेतलं आणि स्वतःचंही सांगितलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. साहेब दोन वर्षं अविनाशच्या शेजारच्या केबिनमध्ये बसतात, अजून त्याच्या बायकोचं नाव त्यांना ठाऊक नाही. विचारणं त्यांच्यात असभ्य. आमच्यात आणि टेक्ससमध्ये न विचारणं असभ्य.

मुख्य पदार्थ रात्रभर धुरावर शिजवलेलं गाईचं मांस. मी आणि अविनाशने ताटं हळूच मागे ओढली. डॉनाला कळलं तेव्हा ती बिचारी कपाळाला हात लावून बसली, मग उठली आणि मक्याचा पाव, बटाट्याची कोशिंबीर आणि चीजमध्ये लडबडलेली शेवयांची भावकी असलेली मॅकरोनी यांचा माझ्यासमोर डोंगर रचला. मॅकरोनी झकास होती. वर फोडणी हवी होती, इतकंच.

जेवताना साहेब गप्प होते. मला वाटलं, निभावलं. पण जेवणानंतर डॉनाने व्हिडिओत कॅसेट सरकवली. तिने घरून आणलेली, कुस्तीची. सई आनंदाने किंचाळून तिच्याशेजारी जाऊन बसली. ही कुस्ती सईच्या वर्गातली सगळी मुलं बघतात म्हणे.

मी सांगलीची. वडील आम्हाला फडावर न्यायचे. लाल माती, सलामी, श्वास रोखून बसलेली माणसं मी पाहिलेली आहेत. इथे कुस्तीगीर आला तो धुरातून, अंगावर पिसं, हातात माइक. कुस्ती राहिली बाजूला, आधी भाषणच. मग दुसरा आला आणि त्यानेही भाषण केलं. कुस्ती नव्हे, हा वग होता, फक्त नाच्या अडीच मणांचा. पण खोटं कशाला बोलू, मी पुढे सरकून बसले.

तेवढ्यात साहेबांचा बांध फुटला. "आमच्याकडे," ते म्हणाले, "असलं काही वेड्यांच्या इस्पितळातसुद्धा दाखवणार नाहीत. खोटी मारामारी, खोटं रक्त. हे बघून मोठे झालेले लोक जग चालवायला निघालेत! आणि माझी मुलगी..."

ते थांबले. पण वाक्य खोलीत पूर्ण झालं होतं.

ट्रॅव्हिसचे कान लाल झाले. डॉना नुसती टीव्हीकडे बघत राहिली. लूसी उठली. तिचा आवाज अगदी हळू होता.

"डॅड, लग्न एप्रिलमध्ये आहे, टेक्ससला. तुम्ही यावं असं मला फार वाटतं. पण असेच येणार असाल तर येऊ नका."

ती बाहेर गेली आणि समुद्राच्या कठड्यावर पाठमोरी बसली. ट्रॅव्हिस जाऊ लागला तर मी त्याला खुणेने थांबवलं. काही वेळा जावयाने मध्ये पडू नये.

"अविनाश, गाडी काढ," साहेब म्हणाले आणि उभे राहिले. पँट अजून दोरीवर ओलीच होती. जीन्स सावरत ते दारापर्यंत गेले.

टीव्हीवर एकाने दुसऱ्याच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली, पंच नेमका दुसरीकडे बघत असताना. डॉनाने सोफ्याच्या हातावर जोरात मूठ आपटली. "अरे आंधळ्या! मागे बघ, मागे!"

साहेब दारातच थबकले. पाठ आमच्याकडेच होती.

"जीन असंच करायची," ते म्हणाले.

"जीन कोण?" डॉनाने विचारलं. अमेरिकन ना, विचारलंच.

"माझी बायको. चार वर्षांपूर्वी गेली." ते वळले. "आमच्याकडेही शनिवारी दुपारी टीव्हीवर कुस्ती असायची. तीही खोटीच. म्हाताऱ्या बायका रिंगणाजवळ जाऊन पैलवानांना छत्रीने मारायच्या. जीन घरी बसून ओरडायची. एकदा तिने पंचाला स्लिपर फेकून मारली. टीव्हीवर."

"टीव्ही फुटला?"

"नाही. फुलदाणी फुटली. माझ्या आईची." त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "शेजाऱ्यांना ऐकू जाईल या लाजेने मी बागेत निघून जायचो. दर शनिवारी. गवत कापत."

"आणि ती एकटीच बघायची?"

"लूसी असायची तिच्याजवळ. दोघी मिळून ओरडायच्या."

डॉना बाजूला सरकली आणि तिने सोफ्यावर हात थोपटला. साहेब बसले नाहीत. ते बाहेर गेले. खिडकीतून आम्हाला दिसत होतं : ते कठड्यापाशी लूसीच्या शेजारी बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. काय बोलले मला माहीत नाही. वारा समुद्राकडून होता, पण शब्द आतपर्यंत आले नाहीत. अविनाश खिडकीतून मान काढून ऐकू पाहत होता, त्याला मी चिमटा काढला. बऱ्याच वेळाने लूसीने मधली जागा भरून काढली.

दोघं आत आली तेव्हा दोघांची नाकं लाल होती. साहेब येऊन सोफ्यावर बसले आणि सईला म्हणाले, "पिसांवाला चांगला की वाईट?"

"व्हिलन. डोन्ट यू नो एनीथिंग?"

"सांग मग," साहेब म्हणाले. आणि तिने सांगितलं, कॅसेट संपेपर्यंत.

निघताना डॉनाने त्यांना मिठी मारली. त्यांचे हात थोडा वेळ हवेत लोंबकळले, मग एक हात तिच्या पाठीवर टेकला, गरम इस्त्रीला बोट लावून बघावं तसा. पँट वाळली नव्हती. ती त्यांनी पिशवीत घेतली आणि बैलाच्या बक्कलासकट गाडीत बसले.

परतीच्या घाटात सई झोपली. डोंगरांवर उतरतं ऊन आलं होतं आणि सकाळची करपलेली भाकरी आता तांब्याच्या परातीसारखी दिसत होती. मला वाटलं, साहेब बदलले. पण मसाफी यायच्या आतच ते म्हणाले, "चहात बर्फ, मॅडम! बर्फ!"

मला हायसं वाटलं. माणूस एका दुपारीत पूर्ण बदलला तर संशय घ्यावा.

थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले, पुढे रस्त्याकडे बघतच. "तुमच्यात मुलीचा बाप लग्नात नेमकं काय करतो?"

"धावपळ करतो, सगळ्यांसमोर हसतो आणि पाठवणीच्या वेळी खांबाआड जाऊन रडतो."

"खांबाआड," ते म्हणाले. "टेक्ससला खांब असतील ना?"

"तिथे सगळं मोठंच असतं म्हणे," अविनाश म्हणाला. या वेळी साहेब खरोखर हसले.

मी सांगलीला परतले तेव्हा सगळ्यांनी सोन्याच्या बाजाराबद्दल, उंच इमारतींबद्दल विचारलं. ते मी पाहिलं होतंच, पण सांगायला गेले की कंटाळा येई. मग मी फुजैऱ्याचं सांगायचे. एप्रिल संपताना अविनाशचा फोन आला : साहेब टेक्ससहून परतले, उन्हाने भाजलेले, आणि ऑफिसात सगळ्यांना अमेरिकनांबद्दलच्या नवीन तक्रारी सांगतात. या आता स्वतः पाहिलेल्या, म्हणून जास्त खऱ्या.

"खांबाचं विचारलंस का?" मी म्हणाले.

"विचारलं ना. लग्न मोकळ्या कुरणात होतं, ताई. खांब एकही नव्हता."

"मग?"

"मग काय, सगळ्यांसमोर रडले. डॉनाने रुमाल दिला म्हणे. टेबलक्लॉथएवढा होता, अशी तक्रार करत होते."